फोटोची मागची बाजू

औंढा नागनाथ हे नाव घेतलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नागनाथाचं देऊळ उभं राहतं. खाली कोरीव दगडी थरांचा भारदस्त पाया आणि त्यावर नंतरच्या काळात विटा-चुन्यात उभारलेलं शिखर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून इथे यात्रेकरू येतात. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते ठिकाण म्हणून वारकरी येतात. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, ही कथा ऐकलेला प्रत्येकजण देवळाच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारतोच.

या देवळाचे जुने फोटो आहेत. पुस्तकांत आहेत, सरकारी दप्तरांत आहेत, कॅलेंडरांवर आहेत. पण आज मी तुम्हाला वेगळंच विचारणार आहे. या देवळाभोवती जे गाव आहे, त्या गावाचा जुना फोटो तुम्ही कधी पाहिलाय का? पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा बाजार, पाणवठा, पिठाची गिरणी, लोहाराचा भाता, एसटीची वाट बघत बसलेली माणसं? औंढ्याच्या जागी तुमच्या गावाचं नाव घाला. प्रश्न तोच राहील, आणि बहुतेक उत्तरही तेच येईल.

रेडिओवरून फोटोंविषयी बोलायचं म्हणजे गंमतच आहे. मी बोलणार आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. पण तुमच्या घरातल्या ज्या फोटोंविषयी मी बोलणार आहे ते तुम्ही अनेकदा पाहिलेले आहेत. ते फक्त एकदा आठवायचे आहेत.

आधी देवळाचे फोटो निघाले आणि गावाचे का निघाले नाहीत, ते पाहू. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. आपल्याकडे ही कला फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही त्या वेळी कॅमेरा चालवत होते. पण तेव्हाचा फोटो काढणं म्हणजे मोठा खटाटोप होता. काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि ती काच ओली असेपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून जागेवरच धुवायचा. त्यासाठी तंबू, बाटल्या, पाणी आणि काचा बरोबर न्याव्या लागत. समोरची वस्तू काही सेकंद हलता कामा नये. देऊळ हलत नाही. बाजार मात्र सतत हलतो. त्यामुळे त्या काळच्या कितीतरी फोटोंत इमारती स्वच्छ आहेत आणि माणसं म्हणजे नुसते धुरकट पट्टे.

पुढे कोरड्या काचा आल्या, काम सोपं झालं. तरी फोटो कशाचा काढायचा हे खर्च करणारा ठरवत होता. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात औंढ्याच्या देवळाचा समावेश आहे. अशा सर्वेक्षणांच्या फोटोंत कधीकधी खांबाला टेकून एखादा माणूस उभा दिसतो. तो तिथे का असतो? तर खांब किती उंच आहे ते कळावं म्हणून. म्हणजे त्याला मोजपट्टीच्या जागी उभं केलेलं असतं. खांबाचं वर्णन पुस्तकात येतं, माणसाचं नाव येत नाही.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या दरबारचे फोटोग्राफर म्हणजे राजा दीनदयाळ. १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ १९०५ साली वारले. सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ होता. राजवाडे, शिकारी, मेजवान्या, फौजा हे त्यांचे नेहमीचे विषय. पण १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर भागात सरकारी दुष्काळी कामं निघाली, त्यांचेही फोटो त्यांच्या स्टुडिओने घेतले. खडी फोडणारी, रांगेत बसलेली साधी माणसं त्यामुळे कॅमेऱ्यासमोर आली. साध्या माणसाचा फोटो निघायला दुष्काळ पडावा लागला, यातच सगळं आलं. दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवून जतन केल्या. दरबाराचं असं सांभाळलं गेलं. मग गावाचं कुठे गेलं?

गावाचं गेलं नाही. ते घराघरांत आहे. पत्र्याच्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, भिंतीवरच्या एका चौकटीत दाटीवाटीने लावलेल्या दहा-बारा फोटोंत. गावात स्टुडिओ नव्हता तेव्हा लोक परभणीला किंवा हिंगोलीला गेले की फोटो काढून घेत. लग्न झालं की जोडीने, मुलगा नोकरीला लागला की एकट्याने. महाशिवरात्रीच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांत पाल ठोकून बसलेले फोटोवाले असायचे. मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर ताजमहाल, नाहीतर तळ्यात पोहणारे हंस. कुठे पुठ्ठ्याची मोटार किंवा विमान, ज्यात बसून अख्खं कुटुंब क्षणभर पायलट होई. नंतर काही घरांत आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा आला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. एकही वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून पुतण्याच्या जावळापासून नव्या बैलजोडीपर्यंत सगळं त्या बारांत बसवायचं.

हे फोटो काढणाऱ्याला इतिहास लिहायचा नव्हता. त्याला फक्त समोरचं माणूस हवं होतं. पण कॅमेरा समोरच्या माणसाबरोबर त्याच्या मागचंही टिपतो. नवरदेवाच्या मागे माळवदाचं घर येतं. पहिलीच्या वर्गाच्या मागे शाळेचा कुडाचा आडोसा येतो. नवीन सायकलजवळ उभ्या राहिलेल्या तरुणाच्या मागे दुकानाची पाटी येते. आज माळवदाची घरं पाडून स्लॅब पडले, ढाळजेच्या जागी शटर आलं, दमणी तर लहान मुलांना शब्दानेही माहीत नाही. या वस्तू मुद्दाम कोणी टिपल्या नाहीत. नवरदेवाच्या खांद्यावरून त्या आपल्यापर्यंत आल्या.

म्हणून मी म्हणतो, जुना फोटो हातात आला की आधी चेहरे बघा आणि मग चेहऱ्यांच्या मागे बघा. फोटोवर तारीख नसली तरी मागची पाटी बरंच काही सांगते. काही खुणा माझ्या उपयोगी पडल्या, त्या सांगतो.

पाटीवर ‘जि. हिंगोली’ असेल तर फोटो १ मे १९९९ नंतरचा, कारण हिंगोली जिल्हा त्या दिवशी झाला. ‘जि. परभणी’ असेल तर पाटी त्याआधी रंगवलेली. गाडीच्या नंबरात ‘एमएच ३८’ दिसलं तर तेही हिंगोली जिल्हा झाल्यानंतरचंच. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. दुकानाच्या भावफलकावर ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला असण्याचा संभव मोठा. आणे असतील तर बहुधा त्याच्याही आधीचा. कचेरीची पाटी उर्दूत असेल तर १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचा काळ मनात धरून पुढचा शोध घ्यावा. भिंतीवर निवडणुकीची चिन्हं रंगवलेली असतील तर फारच छान. काँग्रेसची बैलजोडी पहिल्या निवडणुकीपासून १९६९ च्या फुटीपर्यंत होती, इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं गाय-वासरू १९७१ ते १९७७ या काळातलं आणि हाताचा पंजा १९७८ नंतरचा. पिवळी एसटीडी-पीसीओची पाटी म्हणजे साधारण १९९० च्या आसपासची किंवा त्यानंतरची.

मात्र एक सावधगिरी हवी. पाटी जुनी असू शकते आणि फोटो नवा. रंग उडेपर्यंत पाटी कोण बदलतो? म्हणून पाटी एवढंच सांगते की फोटो ‘याच्या आधीचा नाही’. कधीच्या नंतरचा नाही, हे दुसऱ्या खुणेवरून काढायचं. कपडे, विजेचा खांब, फोटोचा कागद, चौकोनी आकार, नक्षीसारखी कातरलेली कड, असं सगळं एकमेकांशी ताडून पाहायचं. रंगीत फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेल्या तारखेवरही लगेच विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यातलं घड्याळ लावलेलं नसेल तर ती तारीख खोटी असते.

पण पाटीवरून साल कळेल, माणूस कसा कळणार? आमच्या घरी एका लग्नातला ग्रुप फोटो आहे. तेवीस माणसं. आईला त्यातली चौदा सांगता आली. उरलेली नऊ माणसं अजून फोटोत आहेत. त्यांच्या अंगावरच्या पटक्यांचे पीळ दिसतात, एकाच्या मनगटावरचं घड्याळ दिसतं, एका लहान मुलीने शेजारणीच्या पदराचं टोक मुठीत धरलंय तेही दिसतं. पण ती कोण, हे सांगणारं माणूस आमच्या घरात आता उरलेलं नाही. कदाचित तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरात असेल.

या फोटोंत काही माणसं कमी दिसतात, हेही लक्षात घ्या. बायकांचे एकटीचे फोटो शोधून पाहा. फार थोडे मिळतील. हैदराबादला १८९२ साली दीनदयाळांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढणारीही बाईच होती. पण ती सोय श्रीमंतांची. खेड्यातली बाई फोटोत आली ती मांडीवर मूल घेऊन, नाहीतर ग्रुपच्या कडेला डोक्यावर पदर ओढून. भूमिहीन मजुराच्या घरी आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर फोटोच नसत. १९९३ साली निवडणूक आयोगाने मतदारांसाठी फोटोचं ओळखपत्र आणायचं ठरवलं आणि पुढच्या काही वर्षांत ते घराघरांत पोहोचलं. कित्येक म्हाताऱ्या माणसांचा आयुष्यातला पहिला फोटो तोच, आणि शेवटचाही तोच. ते माणूस गेल्यावर त्या कार्डावरचा नखाएवढा चेहरा मोठा करून, मागे निळा रंग भरून, हार घालून भिंतीवर लावतात. फोटो फुटलेला असतो, डोळे नीट दिसत नाहीत. पण नातवंडांना आजी ठाऊक असते ती तेवढीच. तो फोटो कोणी हसण्यावारी नेऊ नये.

साध्या माणसांच्या फोटोंचं मोल दुसरीकडे कसं ओळखलं गेलं, त्याची दोन उदाहरणं अमेरिकेतली आहेत. १९३०च्या दशकात तिथे मोठी मंदी आणि दुष्काळ होता. सरकारच्या शेतीविषयक खात्यात रॉय स्ट्रायकर नावाचे गृहस्थ फोटोंचं काम बघत. ते आपल्या फोटोग्राफरांना याद्या लिहून देत. संध्याकाळी लोक घरी काय करतात ते टिपा, गरीब काय करतात आणि श्रीमंत काय करतात ते बघा. म्हणजे रोजचंच, पण मुद्दाम. १९३५ ते १९४४ या काळातल्या त्या कामाच्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवल्या आहेत, आणि त्या कोणालाही बघता येतात.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. आर्कान्सा राज्यात हेबर स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. तिथे माइक डिसफार्मर हा एकटा राहणारा, कोणाशी फारसं न बोलणारा माणूस स्टुडिओ चालवायचा. शेतकरी, मजूर, युद्धावर निघालेले पोरगे त्याच्याकडे थोड्या पैशांत फोटो काढून घेत. १९५९ साली तो वारला. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह गावातल्या एका गृहस्थाने पाच डॉलरला घेऊन ठेवल्या. १९७०च्या दशकात तिथल्या वर्तमानपत्राचे संपादक पीटर मिलर यांनी वाचकांकडे जुने फोटो मागितले, तेव्हा त्या बाहेर आल्या. १९७६ साली पुस्तक निघालं आणि एका खेड्यातल्या फोटोवाल्याचं काम जगभर गेलं. यात कोणतंही सरकार नव्हतं. एका माणसाने काचा फेकल्या नाहीत आणि दुसऱ्याने विचारलं, एवढंच घडलं.

आपल्याला तेवढंच करायचं आहे. या सुट्टीत घरातले फोटो खाली काढा आणि घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाच्या शेजारी बसा. प्रत्येक फोटोला पाच प्रश्न विचारा. कोण, कुठे, कधी, कशानिमित्त, आणि हे सांगितलं कोणी. उत्तरं फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेनने लिहिलं तर त्याचा वळ पुढे उमटतो आणि शाई कालांतराने झिरपते. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. नाव नक्की नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला. बायकांची नावं ‘अमक्याची आई’ अशी लिहून थांबू नका. तिचं नाव लिहा, माहेरचं गावही लिहा.

औंढ्याच्या माणसाला मागच्या बाजूचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फोटोची पुढची बाजू माणसाची असते. मागची बाजू कोरी राहिली तर पन्नास वर्षांनी तो कोणाचाच नसतो.

आता थोडं सांभाळण्याविषयी. काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे बारीक कण असतात आणि ते जिलेटिनच्या थरात बसलेले असतात. नीट धुतलेला असा फोटो शंभर वर्षंही टिकतो. रंगीत फोटोत चांदी नसते, रंगद्रव्यं असतात आणि ती उजेडाने आणि उष्णतेने उडतात. म्हणून १९५५ सालचे आजोबा ठसठशीत आहेत आणि १९८५ सालचं लग्न तांबूस पडलंय. तेव्हा रंगीत फोटो आधी वाचवा. जिलेटिन हे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाद्य आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून फोटो ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, थर फुगून निघून येतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट त्याचा दुसरा फोटो काढा. चिकट पानांच्या अल्बममध्ये घालू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते केलं की फोटो पुन्हा मोकळा होत नाही.

स्कॅनर मिळाला तर लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल फोटोच्या बरोबर वर सपाट धरून टिपा. मागच्या बाजूचाही फोटो घ्या. सगळं दोन ठिकाणी साठवा, एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. आणि फोटोत दुसऱ्या घरातली माणसं असतील तर त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

हे आत्ताच का करायचं, याला औंढ्यापुरतं एक खास कारणही आहे. गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा या माळरानावर उभ्या राहतील. जगभरचे शास्त्रज्ञ येतील, रस्ते बदलतील, दुकानं बदलतील. त्यात वाईट काही नाही. पण आज ज्या माळावर शेळ्या चरतात, ज्या टपरीवर चहा मिळतो, ज्या बाभळीखाली माणसं गाडीची वाट बघतात, ते सगळं वीस वर्षांनी ‘जुनं औंढा’ असेल. वेधशाळेचे फोटो काढायला पुष्कळ लोक येतील. टपरीचा फोटो तुम्हीच काढायचा आहे.

मोबाइलमुळे आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि हजारो फोटो आहेत. पण मोबाइल बदलला, पाण्यात पडला की ते गेले. वर्षाकाठी बारा फोटो निवडा, क्लिक थ्रीच्या एका रोलएवढे, आणि कागदावर छापून घ्या. त्यातले सहा माणसांचे असू द्या आणि सहा गावाचे. गिरणी, बाजार, शाळा सुटतानाची वेळ, पाण्याचा टँकर, सोयाबीनची रास, तुमच्या गल्लीचं तोंड. सेल्फीत आपला चेहरा येतोच. थोडं बाजूला सरकून मागचं गावही येऊ द्या. आणि छापून आलेला प्रत्येक फोटो त्याच दिवशी उलटा करून त्याच्यावर नाव, गाव आणि साल लिहून टाका.